तोंडावरचा मुरूम

सोमवार, अकरा मे. हजर: मी, म्हणजे मच्छीमार संस्थेची सचिव, माझे थोरले दीर, उमरीहून आलेला पोकलेनवाला, आणि गाळ न्यायला ट्रॅक्टर घेऊन आलेले शेतकरी. गैरहजर: संस्थेचे बाकीचे सभासद. कोणी पुण्याला कंपनीत, कोणी नांदेडात रिक्षावर. कोणी येवो न येवो, हजेरी मी लिहितेच.

आमचा घाट म्हणजे विष्णुपुरीच्या धरणामागच्या पाण्याची, काठात आत शिरलेली एक अरुंद खाच. नदीतून होडी त्या खाचेत घ्यायची, दगडी पायरीला लावायची, मासे टोपल्यात भरून वर चढायचं. दर पुराला पाणी गाळ आणून टाकतं आणि तो तिथंच बसतो. दोन-तीन वर्षं काढला नाही तर खाच भरत येते. यंदा होडी पायरीपासून लांबच अडायला लागली होती. तिथून पुढे मांडीएवढ्या चिखलातून टोपली डोक्यावर घेऊन यायचं.

दिरांचा एक गुडघा कामातून गेलेला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते चिखलात असे रुतले, की जाळ्याच्या दोरीनं ओढून काढावं लागलं. तेव्हापासून लातूरच्या लेकीचा रोज फोन, इकडं या म्हणून. एकदा जेवताना त्यांनी मला सांगून टाकलं, “होडी पायरीला लागली तर राहतो, बाई. न्हाई लागली तर लेकीकडं जातो.”

माझे मालक गेल्यापासून आमच्या अंगणात दोनच माणसं. एका खोलीत मी, समोरच्या खोलीत ते. संध्याकाळी ते ओट्यावर बसून जाळं सांधायचे आणि आज मरळ कुठं सापडली ते सांगायचे. मी भाकरी थापत हूं म्हणायचे. दिवसभरात माणसाशी बोलणं म्हणावं ते एवढंच. म्हणून घाटाचं काम मी मनावर घेतलं.

आमच्याकडं रीत आहे: ज्याचा गाळ, त्याचं डिझेल. संस्था परवानगी आणते, मशीन ठरवते. शेतकरी डिझेल घालतात आणि काळा गाळ रानात नेऊन पसरतात. कोणाचंच अडत नाही. खाचेच्या तोंडाशी, नदीला लागून, मुरूम-गोट्यांचा एक उंचवटा आहे. तो शेवटी काढायचा असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. दिरांनीही मान हलवली. आधी गाळ निघाला की मशीनला पुढं सरकायला जागा होईल, हा हिशोब.

उन्हाळ्यानं पाणी उतरून खाच उघडी पडली होती, काम जोरात चाललं. ज्याचं डिझेल, तो बोट दाखवेल तिथं बकेट पडायचं. गाळ पायरीजवळ सगळ्यात चांगला, लोण्यासारखा, म्हणून पायरीजवळच खोल खोल खणत गेले. शेजारच्या रानाचा मालक ट्रॉली भरताना म्हणाला, “बाई, तुमच्या माशायनी लई मेहनत केली हो. औंदा हळद बघा माझी.”

मी म्हटलं, आता तोंडावरचा मुरूमही न्या.

“मुरूम नेऊन काय हळदीवर टाकू?”

सगळे हसले, मीही हसले. दुसऱ्यांना विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं, फक्त जरा आडवळणानं. पोकलेनवाल्याला म्हटलं, दोन तास तोंडावर मार. तो म्हणाला डिझेल कोणाचं? मी म्हटलं, माझं. उद्या सकाळी कॅन आणते. तो कबूल झाला.

सकाळी कॅन घेऊन गेले तर खाचेत पाणी होतं. वरच्या धरणातून पिण्याचं पाणी सोडलं होतं, त्याचा निरोप आमच्यापर्यंत पोचला नव्हता. मशीन रात्रीच वर काढलेलं. पोकलेनवाल्यानं मुरमाकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं. दुपारी मशीन ट्रेलरवर चढवून उमरीला गेलं.

पाणी स्थिरावल्यावर दीर होडी घेऊन नदीतून आले. पायरीपाशी आता तळ्यासारखं खोल पाणी, आणि खाचेच्या तोंडाशी मुरूम वीतभर पाण्याखाली. होडीचा तळ खरखरला आणि ती थांबली. मी पाण्यात उतरून मागून रेटा दिला, ते वल्ह्यानं ढकलत राहिले. नाहीच.

मग त्यांनी वल्हं आडवं ठेवलं. म्हणाले, “पायरीला मानूसभर पानी, अन् होडी भाईर. देवाला बी जमलं नसतं असं.”

मी म्हटलं, भाऊजी, पुढच्या उन्हाळ्यात मुरूम आधी काढू.

“काढा की. मी कुठं न्हाई म्हनलो.”

होडी त्यांनी बाहेरच, काठावरच्या बाभळीला बांधली. त्यांच्या सामानाची यादी मी केली: गोळ्या, गुडघ्याचा पट्टा, चष्मा, दोन धोतरं, लेकीसाठी सुके झिंगे. जाळं यादीत नव्हतं. नांदेडहून लातूरची गाडी मिळाली. खिडकीतून त्यांनी एवढंच सांगितलं, “दोरी बघत जा, बाई. पानी चढलं की सैल सोडत जा.”

दोरी बघते. पाणी चढलं की सैल सोडते, उतरलं की ओढून घेते. संध्याकाळी भाकरी थापताना समोरच्या ओट्याकडं पाठ करून बसते. त्यानं काम लवकर उरकतं.

घरं बांधणाऱ्यांना जोत्याच्या भरीला मुरूम लागतो, हे मला उशिरा सुचलं. आता कोणाचा पाया खणलेला दिसला की थांबून विचारते. एकानं हो म्हटलंय, पण पाणी उतरल्यावर. संस्थेच्या कामांच्या यादीत बाकी सगळ्यांपुढं खूण झाली आहे. तोंडावरचा मुरूम काढणे, एवढं राहिलंय.