शकुमावशींच्या बागेचा फोटो

"बाग कशी हाय?" असं कुणी विचारलं की आमच्या शकुमावशींचं उत्तर ठरलेलं. "हाय कशीतरी." फांद्या वाकेपर्यंत पेरू लागलेले असोत, उत्तर तेच. त्यांची पेरूची बाग आणि आमचं भाजीचं रान, मध्ये फक्त बांध, त्यामुळे मी हे लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय. भरल्या पिकाबद्दल बोलायचं नाही आणि ते कुणाला दाखवायचं नाही, हा त्यांचा कायदा. बागेच्या तोंडाशी काळी बाहुली आणि शेजारी फाटकी चप्पल टांगलेली, येणाऱ्याची नजर आधी तिथंच पडावी म्हणून.

मावशींचे मालक सावळारामकाका होते तोवर इंदापूरच्या बाजारात चार बागायतदारांना भेटून सगळं तेच विचारून यायचे. ते गेले आणि मावशींना विचारायला माणूसच उरलं नाही. मागच्या बहराला फळमाशीनं निम्मे पेरू सडले. मला बघवेना, म्हणून मीच त्यांना व्हॉट्सॲपवरच्या 'पेरूवाले' ग्रुपमध्ये घातलं. बारामती-इंदापूरकडचे बागायतदार आणि ॲडमिन वडगाव निंबाळकरचे जोतीरामतात्या. माणूस भलताच कडक.

पहिल्याच सकाळी मावशींनी दिसेल त्या प्रत्येक नावाला वेगळा 'राम राम' घातला आणि तात्यांचा दम आला. इथं कामाचंच बोलायचं. "माणूस दिसल्यावर मान फिरवायची व्हय?" मावशी माझ्यावरच चिडल्या. ते कसंबसं निभावलं. पण दुसरा नियम जीव घेणारा होता. दर रविवारी प्रत्येकानं आपल्या बागेचा फोटो टाकायचा, नुसतं बघत बसणाऱ्याला काढून टाकणार.

मावशींचं जेवणावरचं लक्ष उडालं. "एवढ्या लोकांच्या नजरा, संजीवनी. त्यातलं कोण कसं, कुणाला ठावं?" आणि ग्रुप सोडायचीही भीती. माशीचे सापळे कुठं लावायचे, फळाला पिशव्या कधी बांधायच्या, हे सगळं ग्रुपनंच सांगितलेलं. त्यावरच यंदा फळ टिकलं होतं, आणि तोडणी अजून व्हायची होती. शेवटी त्यांनी विहिरीजवळचं वाळत चाललेलं एकच झाड शोधलं आणि त्याचा फोटो टाकला. पुढच्या रविवारी तेच झाड, दुसऱ्या बाजूनं.

ग्रुप हळहळला. 'ताई, मुळं उकरून बघा.' 'ताई, धीर सोडू नका.' मावशी प्रत्येक निरोप माझ्याकडून वाचून घ्यायच्या आणि आणखीच कानकोंड्या व्हायच्या. मग तात्यांचा आला. 'शकुबाईंची बाग हातची चालली. उद्या आम्ही येतोय.'

"आता गं?" मावशी बांधावरच मटकन बसल्या. "खोटारडी म्हणतील मला. काढून टाकतील. परत माशी आली तर मी कुणाला विचारू?"

दुसऱ्या दिवशी जीप आली. मंडळींनी कुदळ आणली होती, औषधाचा कॅन आणला होता. तात्या पुढं. बाहुलीखालून वाकून आत गेले आणि थांबले. ओळीच्या ओळी पिशव्या बांधलेले पेरू, फांद्यांना काठ्यांचे टेकू. तात्या मावशींकडं वळले.

"शकुबाई, मरायला टेकलेली बाग हीच का?"

मावशींनी पदर तोंडाला लावला होता, तो काढला. "तात्या, ह्यांच्या डोळ्यादेखत पाव्हण्यांनी अशीच भरली बाग बघून वा वा केली. आठ दिवसांत गारपीट झाली. त्या धक्क्यातनं हे उठलंच न्हाईत. मला भ्या वाटतं."

तात्या तोंडाशी टांगलेली चप्पल बघत राहिले. मग म्हणाले, "आमी फोटो मागतो ते मिरवायला न्हाय. चांगल्या झाडाला काय केलं ते दिसलं, तर दुसऱ्याचं झाड वाचतं. तुमी आमचं घेतलं, आन आपलं झाकून ठेवलं. रविवारी आख्ख्या बागेचा फोटो टाका, न्हायतर ग्रुप सोडा." मी केलेला चहा तसाच राहिला. दारातून माणसं चहा न घेता गेली, हे मावशींना शिवीपेक्षा जास्त लागलं.

रविवारी त्या काजळाची डबी घेऊन आल्या. मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि कॅमेऱ्याच्या काचेच्या कडेला बोट टेकवलं. "लेकराला लावतो तशी." मी आख्ख्या बागेचा फोटो काढला. एका कोपऱ्यात काळा डाग आला. तसाच पाठवला.

कुणाचंच उत्तर येईना. "काढलं वाटतं," मावशी म्हणाल्या.

मग तात्यांनी विचारलं, 'कोपऱ्यात काळं काय हाय?'

मावशींनी सांगितलं तसं मी लिहिलं, 'तीट हाय.'

नंतर ग्रुपची नियमावली नव्यानं आली. सगळं जुनंच, फक्त तळाला एक ओळ जास्तीची होती, 'फोटोला तीट चालेल.' आणि तिच्याखाली तात्यांनी विचारलं होतं, 'शकुबाई, बाग कशी हाय?'

मावशींनी मला लिहू दिलं नाही. मोबाईल मांडीवर घेऊन स्वतःच एकेक अक्षर शोधत बसल्या. 'हाय कशी' इथपर्यंत आल्या, थांबल्या आणि सगळं पुसलं. मग लिहिलं, 'लई चांगली हाय.'

ते पाठवलं आणि बाहुली जागेवर आहे ना, हे बघायला अनवाणीच बागेकडं पळाल्या.