एका पाटावर दोघं

प्रल्हाद खांबेट्यांच्या कोडमध्ये चूक आहे असं म्हणणारा माणूस बेलव्ह्यूच्या त्या कंपनीत १९८७ सालापर्यंत कुणी पाहिला नव्हता. आणि चूक सापडली ती कुणाला, तर त्यांच्याच घरात राहून, लताकाकूंच्या हातचं जेवून अमेरिकेत पाय रोवलेल्या वीणाला. देवाच्या मनात काय असतं ते देव जाणे, पण कधीकधी त्याला चार शब्द सुनवावेसे वाटतात.

प्रल्हादकाका साठीला टेकले होते. पुण्याचं इंजिनीयरिंग कॉलेज, मग इथली डिग्री, मग ही कंपनी. बाही कोपरापाशी विरलेला एकच करडा स्वेटर ते बारा महिने घालत. कंपनीच्या कॉम्प्युटरमधली मेमरी सांभाळणारा कोड त्यांनी एकट्यानं लिहिला होता आणि त्याबद्दल ते नातवाबद्दल बोलावं तसं बोलत. नागपूरहून शिकायला आलेल्या वीणाला नोकरीला चिकटवलं त्यांनीच. पहिल्या आठवड्यात त्यांनी तिला सगळं पंगतीच्या भाषेत समजावलं होतं.

"मेमरी म्हणजे काय गं, मांडलेले पाट. प्रोग्राम म्हणजे पाहुणे. पाट मोकळा आहे का बघायचं, असला की पाहुणा बसवायचा. तो उठला की पाट पुसून पुन्हा मांडायचा. बाकी सगळी फॅशन!"

ही पंगत वर्षानुवर्षं सुरळीत चालली. मग कंपनीनं नवं मशीन काढलं. त्यात एकाऐवजी दोन प्रोसेसर होते, आणि ते मशीन मधूनच मान टाकू लागलं. कधी दोन दिवस छान चालायचं, कधी जेवणाच्या सुट्टीतच आडवं व्हायचं. का, ते कुणाला कळेना. वीणानं तपास करायला म्हणून कोडमध्ये एक ओळ घातली, म्हणजे मशीननं काय चाललंय ते छापत राहावं. आणि गंमत बघा, ती ओळ घातल्याबरोबर मशीन पडायचंच थांबलं. चोर धरायला दिवा लावावा आणि चोरानं येणंच बंद करावं, तसं झालं.

मॅनेजर गॅरी खूश. म्हणाला, "राहू दे ती ओळ तशीच. सोमवारी दहाची मीटिंग झाली की मशीन पाठवून देऊ." मशीन जाणार होतं ते एका रक्तपेढीत. कुणाचा रक्तगट कोणता, कुणाची बाटली कुणाला, हे सगळं त्यावर राहणार होतं.

वीणाला ते पटेना. दिवा लावला म्हणून चोर मरत नाही, तो कुंपणापलीकडे बसलेला असतो. कंपनीतले सगळे कागद उपसून ती शुक्रवारी संध्याकाळी शेवटी काकांच्या कोडपाशी आली. इतके दिवस तिनं तो वाचलाच नव्हता. काकांचा कोड तपासायचा म्हणजे काकूंच्या आमटीत मीठ आहे का ते आधी चाखून बघण्यासारखं!

चूक तिथेच होती. खरं म्हणजे चूकसुद्धा नव्हे. पाहुणे बसवणारा एकच होता तोवर तो कोड सोन्यासारखा होता. दोन प्रोसेसर म्हणजे आता बसवणारे दोन झाले होते. एकानं पाट मोकळा बघितला, तो पाहुण्याला आणायला वळला, तेवढ्यात दुसऱ्यानंही तोच पाट मोकळा बघितला. दोघांनी आपापला पाहुणा आणून त्याच पाटावर बसवला. रेस कंडिशन म्हणतात ती हीच. बघणं आणि बसवणं यांच्यामध्ये जो क्षण होता, त्या क्षणात जग बदलत होतं. छापायच्या ओळीमुळे दोघांची गाठ चुकत होती, म्हणून मशीन पडत नव्हतं. वीणानं मुद्दाम तो क्षण थोडा लांबवला, तर मशीन दर पाच मिनिटांनी कोसळू लागलं. एकदा तर कोसळलंच नाही, नुसतं एकाच्या नावापुढे दुसऱ्याचा रक्तगट दाखवून शांतपणे चालत राहिलं.

शनिवारी ती काकांकडे जेवायला गेली. वरण-भात संपल्यावर हळूच म्हणाली, "काका, मला वाटतं प्रॉब्लेम मेमरीच्या कोडमध्ये आहे. पाट बघायच्या आधीच त्याच्यावर हात ठेवायला हवा, लॉक घालायला हवं. नाहीतर मधल्या वेळात..."

काकांचा हात ताटातच थांबला. "माझ्या कोडमध्ये?"

"तुमचं चुकलं नाही हो काका. मशीन बदललं."

"सोळा वर्षं चालतोय तो. तू इथे आलीस तेव्हा तुला टर्मिनल कुठल्या बाजूनं उघडतं ते माहीत नव्हतं!" काकांनी ताक तसंच ठेवलं आणि ते उठले. "माझ्या कोडला हात लावायचा नाही. गॅरीला सांग, मी बघीन काय ते."

निघताना लताकाकूंनी वीणाच्या हातात लोणच्याची बाटली दिली आणि दाराशी म्हणाल्या, "कंपनीत माणसं कमी करणार आहेत गं. त्यांच्या वयाला आता दुसरीकडे कोण घेणार?"

त्या वाक्यानं वीणाची पुरती कोंडी केली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. रविवारी दुपारी तिनं काकांना फोन केला. काकूंनी उचलला. "ते घरी नाहीत," एवढंच त्या म्हणाल्या आणि आवाजावरून त्यांना पुढे बोलायचं नसावं असं वाटलं. वीणानं ओळखलं, म्हणजे तिला वाटलं की तिनं ओळखलं. काका टाळताहेत. कालचा तो थांबलेला हात, ते न प्यायलेलं ताक तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. हा माणूस आता सात जन्मांत कबूल करणार नाही, आणि उद्या मशीन रक्तपेढीत जाणार.

मग तिनं आपल्या मते फार मायेचा मार्ग काढला. दहा जणांसमोर मीटिंगमध्ये बोललं तर काकांची शोभा होईल. त्यापेक्षा सकाळी लवकर जाऊन गॅरीला एकट्याला सांगावं. झाकली मूठ झाकलेली राहील, मशीन थांबेल, काकांचा मान राहील. सोमवारी नवाच्या आत ती गॅरीच्या खोलीत उभी होती. गॅरीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "प्रल्हादला हे माहीत आहे?"

"मी सांगितलं. पण ते मानायला तयार नाहीत," वीणा म्हणाली.

दहाला ती मीटिंगच्या खोलीत शिरली आणि दारातच थबकली. फळा भरलेला होता. दोन प्रोसेसर, मध्ये मेमरीचा एक पाट, दोघांकडून त्याच पाटाकडे येणारे बाण, आणि नेमक्या त्या जागेला लाल गोल. खाली सगळा नवा कोड, कुलपासकट, कुठेही खाडाखोड नाही. तिच्या डोक्यात होता त्याहून तो सरस होता. काका फळ्याशेजारी उभे होते, डोळे तांबारलेले, अंगात तोच स्वेटर, मार्कर अजून हातात. तिला बघून ते किंचित हसले. सोळा वर्षांत पहिल्यांदाच ते स्वतःची चूक स्वतः सांगायला उभे राहिले होते.

मागून गॅरी आला. फळ्याकडे बघून म्हणाला, "वा वीणा, तू आधीच काढूनही ठेवलंस! मंडळी, मशीन आज जाणार नाही. प्रल्हादच्या कोडमध्ये एक गंभीर चूक वीणाला सापडली आहे."

"हे मी नाही लिहिलं," वीणा घाईनं म्हणाली. "हे त्यांनी लिहिलंय. सगळं त्यांनीच!"

गॅरी समजूतदारपणे हसला. बाकीचेही हसले. तिच्या मोठ्या मनाचं सगळ्यांना कौतुक वाटलं. तासाभरापूर्वी तिनंच तर सांगितलं होतं की ते मानायला तयार नाहीत. काकांनी मार्करला टोपण लावलं, तो फळ्याच्या कडेला ठेवला आणि आपल्या नेहमीच्या खुर्चीत जाऊन बसले.

मशीन थांबलं, काकांचाच कोड त्यात गेला, आणि रक्तपेढीत ते पुढे बिनघोर चाललं. एवढं एक चांगलं झालं. माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा पहिल्या खेपेतच काकांचं नाव होतं.

मीटिंगच्या त्या सोमवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये वीणानं त्यांना गाठलं. तिला रडू आवरत नव्हतं. "काका, मी काल फोन केला होता. काकू म्हणाल्या, घरी नाहीत. मला वाटलं तुम्ही..."

"घरी नव्हतोच. इथेच होतो दिवसभर, ऑफिसात." त्यांनी गाडीचं दार उघडलं. आवाजात राग नव्हता, असता तर वीणाला बरं वाटलं असतं. "शनिवारी तू मला बघितलंस ना, तेव्हा मी तसाच होतो. पण आज सकाळी गॅरीकडे जाण्याआधी मला एकदा पुन्हा बघायचं होतंस गं."

गाडीत बसून त्यांनी काच खाली केली आणि काकूंनी लोणचं संपल्यावर बाटली परत मागितली आहे, तेवढं सांगितलं.