एका रात्रीची खोली

डिसेंबरची नऊ तारीख, सोमवार. काम: दादा, वहिनी आणि सहा वर्षांची नात यांच्यासाठी मंगळवारच्या एका रात्रीपुरती हॉटेलची खोली बघणे. अटी मी सकाळीच कागदावर लिहून घेतल्या होत्या. लिफ्ट हवी, कारण वहिनीचे गुडघे गेलेत. संडास कमोडचा. खिडकी रस्त्याकडे नको, झोप मोडते. बुधवारी साडेदहाला दिंडोशीच्या कोर्टात वेळेवर पोचता यायला हवं. भाडं दोन हजारांच्या आत.

बुधवारी वहिनीची साक्ष होती. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, चार वर्षांपूर्वी सासरच्या चौथ्या मजल्यावरून खाली पडली आणि गेली. नवरा आणि सासूवर केस आहे, दोघंही जामिनावर घरी आहेत. तिची मुलगी, म्हणजे ही नात, तेव्हापासून कुडाळला दादा-वहिनीकडे. ते घर बोरिवलीला आमच्याच सोसायटीत, बी विंगला. मी ए विंगला राहते. स्थळ मीच आणलं होतं. पोरगी डोळ्यांसमोर राहील, एवढाच त्यात विचार होता.

दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेला दादा-वहिनी कुडाळहून रात्रीच्या बसने आले आणि परस्पर कोर्टात गेले. वहिनी पिंजऱ्यात उभी राहिली. नाव, गाव, लग्न कधी झालं, सगळं नीट सांगितलं. मग सरकारी वकिलांनी विचारलं, “त्या दिवशी दुपारी मुलीचा तुम्हाला फोन आला होता. ती काय म्हणाली?” वहिनी गप्प. पुन्हा विचारलं. पुन्हा गप्प. पाणी दिलं, बसवलं, शेवटी पुढची तारीख पडली. बाहेर आल्यावर वकील मला म्हणाले, “बाई थकलेल्या दिसतात. केसमध्ये त्यांच्या साक्षीशिवाय धड काही नाही. या वेळी आदल्या रात्री झोप होऊ द्या. आणि त्या सोसायटीत अजिबात नेऊ नका.”

म्हणून हॉटेल.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून टाकते. त्या दुपारी मी घरीच होते आणि भाची माझ्या दारात आली होती. कडेवर दोन वर्षांची मुलगी, हातात कपड्यांची पिशवी. म्हणाली, “आत्या, आजची रात्र राहू दे.” मी म्हटलं, “राहायला ये, पण भांडून येऊ नकोस. समोरासमोर घरं आहेत, उद्या मला त्यांना तोंड दाखवायचंय. आत्ता जा, डोकं शांत झालं की बघू.” ती परत गेली. संध्याकाळी साडेसहाला खालून आरडाओरडा ऐकू आला. पोलिसांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, मी कामावरून उशिरा आले, मला काही माहीत नाही. वकिलांनाही तेच सांगितलं.

मी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका पॅकिंगच्या कंपनीत सुपरवायझर आहे. आसपास एअरपोर्टच्या नावाने पाट्या लावलेली स्वस्त हॉटेलं पुष्कळ. जेवणाच्या सुट्टीत निघाले.

पहिल्या हॉटेलात काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, “कितने घंटे के लिए?”

“पूरी रात. फॅमिली है.”

त्याने मान वर केली. “फॅमिली?” एखादा न विकला जाणारा माल मागावा तसं तोंड केलं. मी बाहेर पडले.

दुसऱ्या हॉटेलात लिफ्टवर ‘बंद’चा कागद होता आणि त्या कागदावरही धूळ बसलेली होती. तिसरं बरं निघालं. मी नळ सोडून बघितला, गरम पाणी किती वेळाने येतं ते मोजलं, कडी लावून पाहिली, चादर उचलून गादी बघितली. मॅनेजर दारात उभा राहून बघत होता. “मॅडम, आप हेल्थ डिपार्टमेंट से हो क्या?”

“नाही. नणंद आहे.”

त्याला काय कळलं कोण जाणे, पण हसला. दुसरा मजला, मागची बाजू, खिडकीसमोर भिंत. मला हवी तशी. पाहुणे कुठून येणार, विचारलं. मी म्हटलं, कुडाळ. त्याने वहीत कुडाळ लिहिलं. ॲडव्हान्स घेतला, आयडी घेऊन या म्हणाला. मी म्हटलं, आधार आहे. तिथंच चुकले, पण ते कळायला अजून एक दिवस होता.

फोनवर दादा कुरकुरला. “भयणीचा घर असताना हाटेलात कित्याक? गावात कळला तर तोंडात शेण घालतील.”

“गावात कोण सांगणार? तू?”

“वहिनी तुझी सांगात काय,” म्हणाला. वहिनी कुणाला काही सांगत नाही, हे दोघांनाही माहीत होतं. माझ्याशी तर ती चार वर्षांत सरळ एक वाक्य बोलली नव्हती. ‘तुमच्या बहिणीला विचारा’, ‘तुमच्या बहिणीला सांगा’, असं दादाकरवी चालायचं. स्थळ मी आणलं होतं. ती का बोलत नाही, हे मी तिला कधी विचारलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी सातला ते ठाण्याला उतरून टॅक्सीने अंधेरीला आले. मी हॉटेलच्या दारात उभी होते. नात झोपेतून उठून चिडलेली, वहिनीच्या हातात कोकमांची पिशवी, दादाच्या हातात बाकी सगळं. काउंटरवर दादाने तिघांची आधार कार्डं ठेवली. मॅनेजरने पहिलं उलटलं. मग दुसरं. मग माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, ये तो लोकल है.”

“काय लोकल?”

“विक्रोली का ॲड्रेस. लोकल आयडी पे रूम नहीं मिलता. हमारे यहाँ नियम है.”

दादा विक्रोळीला कारखान्यात होता. कारखाना बंद पडल्यावर गावी गेला, त्याला आता बारा वर्षं झाली. पण चाळीतली खोली त्याच्या नावावर आहे आणि चाळ बिल्डरने पाडायला घेतली. नव्या इमारतीत घर मिळायचं तर पात्रतेच्या यादीत नाव टिकायला हवं, म्हणून मीच त्याला बजावून ठेवलं होतं: आधार, मतदान कार्ड, बँक, काहीही झालं तरी पत्ता विक्रोळीचाच ठेव, गावाकडे काही हलवू नकोस. त्याने ऐकलं. वहिनीचा पत्ताही तोच, आणि नातीचं कार्ड काढताना तिचाही तोच लावला. कोकणातल्या निम्म्या घरांत हीच तऱ्हा आहे. माणसं गावाला, कागद मुंबईत. त्या पत्त्यावर आत्ता पत्र्याचं कुंपण आहे आणि आत खड्डा.

“अहो, ते तिथे राहत नाहीत. चाळ पाडलीय.”

“तो ॲड्रेस क्यों नहीं बदला?”

मालकाला फोन लावा म्हटलं. लावला. नाही म्हणाला. तेव्हा मला वाटलं मी फार हुशारी करतेय. वहिनीच्या पर्समधून मी कोर्टाचं समन्स काढलं. त्यावर कुडाळचा पत्ता होता, सरकारी शिक्का होता. “हे बघा. कोर्टाचा कागद आहे. गावचा पत्ता.”

मॅनेजरने तो पूर्ण वाचला. आरोपींची नावं, कलमं, सगळं. वहिनी काउंटरपलीकडे त्याच्या डोळ्यांकडे बघत होती. त्याने कागद नीट घडी घालून परत दिला, हात जोडले. “माँजी, माफ करना. पुलिस-कोर्ट का मामला है. सेठ मुझे निकाल देगा.” ॲडव्हान्स लगेच परत केला. माणूस वाईट नव्हता.

त्यानंतर आणखी दोन ठिकाणी गेलो. एका ठिकाणी आधार बघून, दुसऱ्या ठिकाणी नुसतं तोंड बघून नाही म्हणाले. मग मी सगळ्यांना त्या तासावाल्या हॉटेलात नेलं, कारण तिथे कागद विचारत नसणार हे मला माहीत होतं. काउंटरवरचा माणूस खरंच तयार झाला. वहिनी सोफ्यावर बसली. जिन्यावरून एक मुलगी ओढणीने तोंड झाकून भराभर उतरली, मागून एक माणूस पट्टा लावत आला. नात म्हणाली, “आजी, ही ताई रडता काय?”

दादा उठला. “चल गो. हय नको.”

फुटपाथवर सामान ठेवून मी भांडुपच्या चुलतभावाला फोन लावला. त्याच्याकडे सुनेचं बाळंतपण, पाय ठेवायला जागा नाही. आता कुणाला लावावा म्हणून नावं बघत होते, तेवढ्यात वहिनी बोलली. दादाशी नाही, माझ्याशी.

“वन्सं, तुमच्याकडे चला.”

मी म्हटलं, “वकिलांनी नको सांगितलंय.”

“वकील हय झोपूक जागा देता काय?”

रिक्षा केली. सोसायटीशी आल्यावर मी रिक्षा मागच्या गेटला घ्यायला सांगितली. तिकडून पार्किंगमधून थेट ए विंगला जाता येतं, बी विंग लागत नाही. वहिनीने रिक्षावाल्याच्या पाठीवर हात ठेवला. “पुढे घेवा. आमी काय चोर?”

पुढच्या गेटने आत आलो. बी विंगच्या खाली आल्यावर ती थांबली आणि मला विचारलं, “खंय?”

मी दाखवलं. तिथे सोसायटीने नवीन फरशी घातलीय, वर शेवंतीच्या कुंड्या. चौथ्या मजल्यावर दिवा होता. टीव्हीचा आवाज येत होता आणि सुरमई तळल्याचा वास. आमच्याच कोळणीकडची असणार, ती मंगळवारी दोन्ही विंगना देते. वहिनी कुंड्यांजवळ उभी राहिली, अगदी थोडा वेळ. नात जिथे जन्मली आणि दोन वर्षं वाढली, त्या इमारतीकडे बघून म्हणाली, “आत्याआजी, हय लिफ्ट आसा?” तिला काहीच आठवत नव्हतं.

घरी मी कुळथाची पिठी आणि भात टाकला. दादा नातीला आंघोळ घालत होता. वहिनी स्वयंपाकघरात आली, खाली बसली आणि लसूण सोलायला घेतली. मी सांगायचं ठरवलं होतं असं नाही. पण ती आता माझ्या घरात होती, माझ्याशी बोलत होती, आणि उद्या तिला तिथे उभं राहायचं होतं. मी गॅसकडे तोंड करूनच म्हटलं, “वहिनी, त्या दुपारी ती माझ्याकडे आली होती. राहू दे म्हणाली. मी परत पाठवली.”

लसणाची सालं काढण्याचा आवाज चालूच राहिला.

“माका ठावक होता,” ती म्हणाली. “हयसून गेल्यावर तिना माका फोन केल्यान. ‘आत्या ठेवन घेणा नाय,’ असा म्हणाला ता. ताच शेवटचा.”

मी गॅस बारीक केला.

“मागल्या खेपेक त्या वकिलान ताच इचारल्यान,” ती म्हणाली. “काय सांगू? तुमचा नाव कसा घेव? ह्येंची भयण तुम्ही.”

दोन महिने मी सगळ्यांना सांगत होते की बाईची झोप झाली नव्हती. दादाला, मंगळवारी लवकर निघू द्या म्हणताना ऑफिसात साहेबांना. त्यासाठी लिफ्ट, कमोड, भिंतीसमोरची खिडकी. ती थकून गप्प झालेली नव्हती.

“दादाला माहीत आहे?” मी विचारलं.

“नाय.”

“उद्या विचारलं तर सांगा. माझं नाव घ्या.”

तिने सोललेली लसूण माझ्याकडे सरकवली. जेवताना दादाने दोनदा पिठी मागून घेतली आणि म्हणाला, “हाटेलात ह्या गावला असता?” कुणी हसलं नाही, पण त्याला त्याचं काही वाटलं नाही. मी वहिनीला माझ्या खोलीत पलंगावर झोपवलं. भाची लग्नाआधी यायची, तेव्हा त्याच पलंगावर झोपायची.

बुधवारी मी पाचला उठले. वहिनीची आंघोळ झालेली होती. मी तिच्या साडीला इस्त्री केली, चपात्या केल्या, थर्मासमध्ये चहा भरला आणि कंपनीत फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. निघण्याआधी दादाला जिन्यात बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. नातीच्या चपलेचा पट्टा लावत बसला, तो आधीच लावलेला होता. मग पिशवी उचलून पुढे चालायला लागला.

कोर्टाच्या आवारात सरकारी वकील हातात फायली घेऊन घाईत होते. मी त्यांना अडवलं आणि ती दुपार सांगितली.

“चार वर्षांनी?” ते म्हणाले.

“हो.”

“आरोपींचे वकील तुम्हाला सोलून काढतील. विचारतील, इतकी वर्षं गप्प का, आता कुणी शिकवलं.”

“विचारू दे.”

“त्याच सोसायटीत राहता ना तुम्ही अजून?”

“हो.”

त्यांनी फायलीतून दोन कोरे कागद काढून दिले. “जसं घडलं तसं लिहून द्या. कोर्ट आता तुमची साक्ष घेईल की नाही, सांगता येत नाही. मी अर्ज करून बघतो.”

आत वहिनीच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली, पदर खांद्यावरून घेतला, माझ्याकडे न बघता आत गेली. दादा तिच्या मागून. नात माझ्याकडे राहिली. तिला मी बाकाच्या एका टोकाला बसवून चपातीचा रोल दिला, दुसऱ्या टोकाला बसून पर्स मांडीवर घेतली, त्यावर कागद ठेवला, आणि वर तारीख टाकून लिहायला लागले.