दोन्ही गालांच्या काचा

डॉ. वासंती निकम मॅडमची आणि माझी पहिली भेट आमच्या गावच्या शाळेच्या व्हरांड्यात झाली. गाव विट्याजवळचं. आमच्याकडची निम्मी माणसं गलाईत, म्हणजे परमुलखात सोनं गाळायच्या दुकानांत. ती गावात सापडतात यात्रेलाच. हे मॅडमनी आधी विचारून ठेवलं होतं. म्हणून कराडच्या कॉलेजच्या सुट्टीची वाट न बघता त्या ऐन यात्रेत सूक्ष्मदर्शक आणि दोन विद्यार्थिनी घेऊन आल्या होत्या. मी आठवीत शाळा सोडून गलाईत गेलेला माणूस. मॅडमच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मोठमोठे प्राध्यापक त्यांच्या संशोधनावर लिहिणार आहेत. मला एवढंच माहीत आहे, की ते माझ्या गालावर झालं.

काम साधं दिसायचं. चूळ भरायची, मॅडम चपट्या काडीनं गाल आतून हलकेच खरवडायच्या आणि निघालेलं काचेवर पसरायच्या. आमचे तुकाआण्णा पुढं होऊन म्हणाले, "आवं मॅडम, काल बोकड खाल्लाय. काचंवर त्योच दिसंल." मॅडम न हसता म्हणाल्या, "आजोबा, मला बोकड ओळखता येतो. तुम्ही चूळ भरून या." त्यानंतर रांग लागली.

माझी पाळी आली तेव्हा आई मागंच उभी होती. तंबाखू खातोस का, या प्रश्नावर मी नाही म्हणालो आणि उजवा गाल पुढं केला. तंबाखूची चिमूट मी डाव्या गालात धरायचो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला एकट्याला बोलावून घेतलं. काच स्वच्छ आली होती. त्यांनी माझ्या बोटांना लागलेल्या चुन्याकडं पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कोणत्या गालात ठेवतोस?"

"डाव्या."

"मग उजवा का दिलास?"

"आई मागं हुती, मॅडम."

मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी विद्यार्थिनींना जवळ बोलावलं आणि माझ्यासमोर सांगितलं, की चूक या मुलाची नाही, घरच्या माणसांसमोर विचारलं ही माझी चूक आहे. त्या दिवसापासून त्यांच्या शिबिरात माणसाला आडोशाला नेऊन विचारतात आणि दोन्ही गालांच्या वेगळ्या काचा करतात. मिसरी लावणाऱ्या बायकासुद्धा मग खरं सांगू लागल्या. माझी आई त्यांत पहिली.

डाव्या गालाची काच मॅडमनी मला स्वतः बघू दिली. प्रत्येक पेशीत एक मोठा ठिपका होता, आणि काही पेशींत त्याच्या शेजारी एक बारका. मला काही कळेना. त्यांनी विचारलं, मुशीतून सोनं ओतताना एखादा मणी उडतो का? उडतो, म्हटलं. मग म्हणाल्या, पेशीच्या मोठ्या ठिपक्यात गुणसूत्रं असतात. ती तुटली, की पेशी दुभागताना तुटका तुकडा असाच बाहेर राहतो. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. ते मोजायचं, म्हणजे गाठ दिसायच्या आधी मोडतोड दिसते. "हा कॅन्सर नाही. पण गालात एक पांढरा डागही आहे. तो डॉक्टरांनी बघायलाच हवा." सांगलीच्या दवाखान्याची चिठ्ठी त्यांनी तिथंच लिहून दिली. दुकानातल्या तेजाबाच्या धुराचंही विचारलं आणि पंखा कुठं बसवायचा ते कागदावर काढून दिलं.

मी सांगलीला गेलो नाही. तशीही माझी बैठक कुठं जमत नाही. पाच वर्षांत तीन शहरं बदलली. या वेळी मात्र भिऊन पळालो. चिठ्ठी पाकिटात घालून मदुराई गाठली.

आठ दिवसांनी मॅडमचा फोन आला. चिठ्ठीचं नावसुद्धा काढलं नाही. गलाईची चौकशी करता करता म्हणाल्या, "दुकानातला केर तुम्ही टाकता का?"

"न्हाई मॅडम. त्यात सोन्याचा कण असतो. साठवून ठेवतो, मग जाळून गाळतो."

"किती दिवस साठवता?"

"वर्षभर."

"केराला वर्ष देतोस. गालाला दोन दिवस दे."

मालकाला सांगून मी त्याच संध्याकाळी गाडीत बसलो. मॅडम कराडहून सांगलीला येऊन दवाखान्याच्या बाकावर माझ्या आईशेजारी बसल्या होत्या. डॉक्टरांनी डागाचा तुकडा काढला. तपासणीत कॅन्सर निघाला नाही. तंबाखू चालू राहिली तर पुढचं सांगता येत नाही, असं बजावलं. अहवाल घेऊन बाहेर आलो तर आई तोंडाला पदर लावून उभी होती. तिनं मिसरीची डबी मॅडमच्या हातात दिली. मीही खिशातली पुडी काढून दिली. मॅडमनी दोन्ही पर्समध्ये ठेवल्या, अगदी नमुने ठेवावेत तशा.

पुढच्या यात्रेला डाव्या गालाच्या काचेवर बारके ठिपके कमी दिसले. मॅडमनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि मगच मान हलवली. डाग फिकट झाला आहे, गेलेला नाही. मधे दोनदा माझा हात तंबाखूकडं गेला, तेही मी त्यांना सांगितलं. त्यांच्यापुढं उजवा गाल करायची आता लाज वाटते.

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. कॉलेजातून त्या मोकळ्या होतील. मॅडम, यंदाही यात्रेला मी येतोय, दोन्ही गाल घेऊन. आमच्या गावच्या देवाला माझं एवढंच मागणं आहे, की तुमचे डोळे असेच तीक्ष्ण राहावेत, मान-पाठ धड राहावी आणि तुकाआण्णांच्या वयाच्या झालात तरी आमच्या काचा तुम्हीच बघाव्यात.