बावाजींच्या होडीची फळी

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि धरणाचा गाळ नांगरणाराही पहिला मीच.

आबा, म्हणजे माझे वडील, कार्ल्यात सुतारकाम करीत. रंधा मारमारून त्यांनी मला बी.एस्सी.पर्यंत शिकवलं. (हे उपकार फेडायला निघालो, तेव्हाचीच ही गोष्ट!) लोणावळ्याच्या शाळेत विज्ञानशिक्षक हवा होता आणि शिफारस होती एका पारशी बावाजींच्या हाती. बावाजींची एक जुनी शिडाची होडी होती. तिच्या पोटातल्या खाचेतून एक उभी फळी पाण्यात सोडतात. ती नसली तर वारा होडी खेकड्यासारखी आडवी नेतो. ती फळी कुजून चहात बुडवलेल्या पावासारखी झाली होती.

"आमचे आबा नवी करतील!" मी छाती काढून सांगितलं.

आबांनी सागवान निवडला. म्हणाले, "खाचंत जरा ढिली ठिवतो. लाकूड पानी पितं."

"आबा, हे बैलगाडीचं काम नव्हे. केससुद्धा आत जाता कामा नये!"

"लाकडाला ठावं हाय का तुजं शास्तर?"

"आबा, मी पदवीधर आहे!"

आबांनी रंधा उचलला. फळी माझ्या मापात झाली. कोरडी असताना लोण्यासारखी खालीवर सरके. तिला पाण्याची सवय व्हावी म्हणून (हेही डोकं माझंच!) मी ती आदल्या दिवशीच होडीच्या खाचेतून धरणात खाली सोडून ठेवली.

सकाळी बावाजी पांढरीशुभ्र विजार घालून होडीत बसले, शेजारी मी. होडी बाणासारखी सुटली!

"वाह डिकरा! तुझी चिठ्ठी आजच लिहितो!"

मी मनातल्या मनात वर्गाची हजेरी घेऊ लागलो. तेवढ्यात काठ जवळ आला.

"फळी वर घे."

मी दोरी ओढली. बावाजींनी ओढली. मग दोघांनी मिळून ओढली. दोरी तुटली आणि मी थेट बावाजींच्या मांडीवर! फळी पाणी पिऊन टम्म फुगली होती. ती खाचेत घट्ट, होडी गाळात घट्ट.

"हलू नगा, आलो!" काठावरून आबा ओरडले. आले ते दोन म्हशी घेऊनच! म्हशींनी होडी ओढली. मागे गाळात नांगराचं सरळ तास पडत गेलं.

"आवं, भात लावताय व्हय तितं?" धुणं धुणाऱ्या एका मावशीने विचारलं.

चिखलाने माखलेले बावाजी उतरले. माझी नोकरी बुडाल्यात जमा होती.

"इतकी घट्ट कोणी केली?"

"आबा ढिली ठेवा म्हणत होते," मी मान खाली घातली. "हट्ट माझा."

बावाजींनी वाकून फळी न्याहाळली. "म्हशींनी फरफटवली, तरी एक चीर नाही!" ते खदखदून हसले आणि तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून दिली. मी वाचली. शाळेला सुतारकामाचाही शिक्षक हवा होता. शिफारस आबांची होती!

मग मी रोज आबांचा डबा घेऊन शाळेत जाऊ लागलो. एकदा शिपायाने विचारलं, "मास्तर, ह्यो तुमचा गडी का?"

"न्हाई रं, पदवीधर हाय," आबा म्हणाले. "शिकंल हळूहळू."