रिकाम्या खुर्चीकडून हरलेले मावसाजी

माणसाकडून हरलेले पुढारी गल्लोगल्ली सापडतात, पण रिकाम्या खुर्चीकडून, तेही रीतसर मतमोजणी होऊन हरलेला पुढारी अख्ख्या तापीखोऱ्यात एकच निघाला. ते माझ्या मावशीचे यजमान आहेत, याचा मला भारी अभिमान आहे. बुऱ्हाणपूरहून बसनं अर्ध्या तासावर, केळीच्या बागांत बुडालेलं एक गाव आहे. नाव सांगत नाही, तिथं मला अजून जावं-यावं लागतं. त्या गावच्या नगरपालिकेचे मावसाजी अध्यक्ष होते. कायद्यानं महापौर फक्त मोठ्या शहराला मिळतो, छोट्या गावाला अध्यक्षावर भागवावं लागतं. कायद्याची ही कंजुषी मावसाजींना मान्य नव्हती. दारावर महापौर, गाडीवर महापौर. मावशी म्हणायची, “घोरतात बी महापौरासारखेच. आधी खाकरतात, मग सुरू.”

त्यांचा खरा जीव खुर्चीत. एका लग्नात प्लास्टिकच्या खुर्चीनं त्यांच्या वजनापुढे हात टेकले, तेव्हापासून त्यांची फिरती खुर्ची, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली, टेम्पोत बसून त्यांच्या आधी कार्यक्रमाला पोचायची. सत्यनारायणाला गुरुजींनी पाट मांडला तर यांनी विचारलं, “संकल्प खुर्चीवरून सोडला तर देवाला चालत नाही का?” आणि भाषण! बारसं असो की दहावा, हे बोलणारच. एकदा दहाव्याला पिंड मांडून सगळे घाटावर ताटकळले होते. बऱ्याच वेळानं कावळा आला, तेवढ्यात मावसाजी उभे राहून “भाइयो और बहनो” म्हणाले. कावळ्यानं दोन वाक्यं ऐकली आणि जो उडाला तो पैलतीरालाच. शेवटी बिचाऱ्यांनी दर्भाचा कावळा करून वेळ भागवली.

गावात नळाला चार-चार दिवस पाणी नसायचं. मावसाजींनी यावर उपाय काय केला? चौकात कारंजं बांधलं! लाल-हिरव्या दिव्यांचं, गाण्यावर नाचणारं. उद्घाटनाला आलेले पाहुणे गाडीत बसतात न बसतात तोच गावातल्या बाया हंडे-कळशा घेऊन कारंज्यात उतरल्या. मावसाजी मला कोपरानं ढोसून म्हणाले, “पाहिलंस मास्तर? जनतेला कारंजं किती पसंत पडलं!” मी शाळामास्तर, आयुष्यभर ढ पोरं शिकवलेली, पण असं उत्तर एकाही पोरानं दिलं नव्हतं.

आता आमच्या मध्यप्रदेशात एक झकास कायदा आहे. निवडून दिलेला अध्यक्ष नकोसा झाला तर त्याला मुदतीआधी परत बोलावता येतं. त्यासाठी पार्षदांनी, म्हणजे तुमच्याकडच्या नगरसेवकांनी, सह्या करायच्या, मग गावानं मतदान करायचं. समोर उमेदवार कोणी नसतो. दोनच चित्रं असतात. भरी कुर्सी, माणूस बसलेली, म्हणजे राहू द्या; खाली कुर्सी, रिकामी, म्हणजे निघा. पार्षदांना पाण्याचं दुःख होतं असं नाही हो, कारंज्याचा ठेका देताना त्यांना कोणी विचारलं नाही, हे दुःख. पण सह्या झाल्या.

मावसाजी हादरले. पद जाईल याची भीती होतीच, पण खुर्चीकडून हरलो तर मेल्यावरही लोक हसतील, या विचारानं त्यांचं जेवण सुटलं. मग त्यांनी फर्मान काढलं की रिकामी खुर्ची हा विरोधकांचा प्रचार आहे, आपल्या सभेत एकही दिसता कामा नये. कार्यकर्ते इतके आज्ञाधारक की माणूस उठला रे उठला की त्याची खुर्ची उचलून टेम्पोत टाकत. लघवीला गेलेला म्हातारा परत येऊन उभाच राहायचा, मग वैतागून घरी जायचा. सभा संपेपर्यंत मांडवात व्यासपीठ तेवढं उरायचं. घरीही तेच, मावशी स्वयंपाकाला उठली की तिच्या खुर्चीवर उशी ठेवायचे. विरोधकांनी मात्र एक मोडकी खुर्ची हातगाडीवर ठेवली, हार घातला आणि गावभर फिरवली. मावसाजी माइकवर गरजले, “ही खुर्ची तुमच्या पोरीच्या लग्नाला येईल का?” मागून कोणीतरी ओरडलं, “येईल, अन् भाषण बी नाही करणार!” निकाल तिथंच लागला होता, मोजणी नुसती नावाला झाली.

हरल्यावर ते गाव सोडून मावशीला घेऊन बुऱ्हाणपुरात, आमच्याच गल्लीत राहायला आले. रोज संध्याकाळी मी गेलो की एकच पारायण. “मास्तर, जनता गद्दार निकली,” इथून सुरुवात. मग कोणत्या वॉर्डात कोणी दगा दिला, कोणाच्या पोराला नोकरी लावली होती, कोणाच्या बापाला खांदा दिला होता, सगळं हातवारे करून, आवाज काढून. नाटक कंपनीनं तिकीट लावावं असं सांगायचे.

मागच्या थंडीत असंच पारायण रंगात आलं होतं. मावशी खाली बसून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्या गद्दारांत माझं बी नाव घ्या.”

मावसाजींचा हात हवेतच राहिला. “काय?”

“मी बी खाली कुर्सीलाच दिलं.”

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार. पण त्यांनी हात खाली घेतला. म्हणाले, “तू? का गं?”

“आपल्या दारात रोज टँकर यायचा. गल्लीतल्या बाया रिकामे हंडे घेऊन माझ्याकडे बघत उभ्या राहायच्या. मी कुठं तोंड लपवू?”

“मग मला सांगायचं होतंस!”

“किती वेळा सांगितलं. तुम्ही मीटिंगमध्ये होते.”

मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवतही नव्हतं. मग मावसाजींनी अगदी हळू विचारलं, “मी हरलो तेव्हा गावात कोणालाच वाईट वाटलं नाही. तुला तरी वाटलं का?”

मावशीची बोटं थांबली. “आत बटण दाबलं,” ती म्हणाली, “अन् बाहेर येऊन शाळेच्या भिंतीआड रडले. तुमच्यासाठीच रडले, दुसऱ्या कोणासाठी रडू?”

महापौरसाहेब उठले, गुडघे धरत धरत तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि मेथी निवडू लागले. सगळी देठं भाजीत टाकत होते. मावशी एरवी एकही देठ भाजीत जाऊ देत नाही, त्या दिवशी एका शब्दानं बोलली नाही.

तेव्हापासून ते पारायण बंद झालं. मी मुद्दाम विषय काढतो, खोडी काढतो, “मावसाजी, त्या वॉर्डात नेमकं काय झालं होतं हो?” ते नुसते हसतात आणि आत बघून म्हणतात, “अगं, मास्तर आला, चहा टाक.” दोघांचं बरं चाललंय, मला बरंच वाटायला हवं. पण खरं सांगू? फार सुंदर सांगायचे हो ते. संध्याकाळी करमत नाही.