ड्रॅगनच्या कोरसला आरतीची माणसं

कॅरी हे गाव मला पहिले दोन दिवस दिसलंच नाही. नॉर्थ कॅरोलायनात पाइनची झाडं इतकी माजलेली की घरं त्यांच्यामागे लपून बसतात. शेजाऱ्याकडे साखर मागायला जायचं तर होकायंत्र न्यावं लागतं! नागपूरच्या उन्हात भाजलेला मी. एवढी सावली अंगावर आल्यावर मला हुडहुडीच भरली.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, पुतणी ऋचा म्हणाली, "काका, माझा स्टुडिओ बघायला येतोस?"

ऋचा इथेच जन्मली. रेकॉर्डिंग स्टुडिओत असिस्टंट आहे. फिनलंडचा एक पॉवर मेटल बँड तिथे नवा अल्बम करत होता, कारण त्यांचा प्रोड्यूसर कॅरीत राहतो. पॉवर मेटल म्हणजे काय, ते तिने गाडीत ऐकवलं. गिटारी घोड्यांसारख्या उधळतात, ड्रमवाल्याला चार हात असावेत अशी शंका येते, आणि गायक आग ओकणाऱ्या ड्रॅगनशी थेट आभाळात भांडतो. भांडण कशावरून, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

स्टुडिओच्या दाराशी बूट ओळीने मांडलेले. मला वाटलं, आत कीर्तन आहे. आत चार दाढीवाले धिप्पाड बाप्ये, सगळ्यात बुटक्याचं डोकं छताला घासत होतं, आणि पायांत लोकरी मोजे! मी नमस्कार करून माझं अख्खं चरित्र सांगितलं. कुणी हूं की चूं केलं नाही. रागावले? झोपले? तेवढ्यात गायकाने माझ्या तळहातावर साल्मियाक्की (खारट काळी गोळी) ठेवली. तोंडात टाकली आणि मी थेट कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी पोचलो. नवसागर हो! आपण भांड्यांना लावायचो, हे चघळतात. हा पाहुणचार होता की शिक्षा?

मग ऋचाचा फोन वाजला आणि तिचा चेहरा उतरला. कोरस गायला येणारा चर्चचा अख्खा गायकवृंद पोट बिघडून आडवा झाला होता.

प्रोड्यूसर सगळ्यांसमोर म्हणाला, "कोरस तुझ्यावर सोपवला होता. बँड उद्या परत चाललाय. आज जमलं नाही, तर पुढच्या अल्बमला मी दुसरं माणूस घेईन."

मी छाती फुगवली. "मोठ्या आवाजाची माणसंच हवीत ना? नागपुरात लाखभर लोकांकडून मी सुरात गाऊन घेतलंय!" (खरं तर गल्लीच्या गणपतीत मी झांज वाजवायचो. पण खरं काय ते कुणी विचारलं नाही.)

ऋचाने कॅरीतल्या मराठी मंडळाच्या सुलभाकाकूंना फोन लावला आणि काकूंनी व्हॉट्सअ‍ॅपवर हाक दिली. दुपारपर्यंत चौदा माणसं आणि तीन डबे साबुदाणा वडे हजर.

प्रत्येकाच्या कानांवर वायरचे हेडफोन चढवले. शब्द सोपे : ओ-हो-हो. आमच्या माणसांनी असा आवाज लावला की पार शेजारच्या राज्यापर्यंतच्या खारी झाडांवरून पडल्या असतील. शेवटचा ठोका पडला, शांतता झाली, आणि माझ्यासकट सगळ्यांनी हात जोडून स्वतःभोवती गिरकी घेतली. आरती संपल्यावर घेतात तशी! वायरी गुंडाळल्या गेल्या, काकूंचा भोवरा झाला, माइकचा स्टँड धाडकन आडवा.

गायक आत आला. "का फिरलात?"

"अहो, सगळ्यांनी मिळून एवढ्या जोरात गायलं की पाय आपोआप फिरतात!" काकू म्हणाल्या. ऋचाने त्याला इंग्रजीत सांगितलं. तो वायरींकडे बघत राहिला. हसतोय की शाप देतोय, देव जाणे.

पुन्हा घेतलं. पुन्हा गिरकी.

"काका, प्लीज यार, फिरू नकोस ना!"

"अगं, मी थांबलो होतो. पायच गेले!"

"पाठव यांना घरी," प्रोड्यूसर म्हणाला.

"नाही," ऋचा म्हणाली. तिने हेडफोन गोळा केले, स्टँड बाहेर काढले, खोलीच्या मधोमध वरून एकच माइक सोडला आणि गाणं कोपऱ्यातल्या स्पीकरवर हळू लावलं. प्रोड्यूसर हाताची घडी घालून बघत होता.

"मग आता फिरायचं की नाही?" काकूंनी विचारलं.

"फिरा, काकू. बिनधास्त. पण गिरकीतही आवाज सोडू नका."

आम्ही गायलो आणि फिरलो. आवाजही आमच्याबरोबर खोलीभर फिरला, जणू ड्रॅगनच डोक्यावर घिरट्या घालतोय.

गायकाने ते तीनदा ऐकलं. मग म्हणाला, "चालेल."

ऋचा ढसाढसा रडायला लागली.

"अगं, चालेल म्हणाला ना तो?"

"काका, तीन आठवड्यांत तो स्वतःच्या गाण्यालासुद्धा 'चालेल' म्हणाला नाहीये!"

आता मी नागपुरात आहे. लोक विचारतात, ते फिनलंडवाले खूश झाले का? शपथेवर सांगतो, मला ठाऊक नाही. बडबड्या माणसाच्या मनातलं ओळखायला मला दोन मिनिटं पुरतात. गप्प माणसापुढे माझी सगळी हुशारी गार पडते. जगात फिरून एवढंच शिकलो.

परवा ऋचाचा फोन आला. बँडने पुढच्या अल्बमची तयारी सुरू केलीय, आणि रेकॉर्डिंग कुणी करायचं, असं प्रोड्यूसरने त्यांना विचारलं होतं.

"मग? काय म्हणाले गं?"

"ईमेल आलाय, काका. एकच शब्द आहे. ऋचा."